जूचे विचारप्रणाली

उत्तर कोरियाची अधिकृत राज्यविचारसरणी. ‘जूचे’चा रूढ अर्थ स्वावलंबन. देशाचे संस्थापक नेते किम इल-सुंग यांनी २८ डिसेंबर १९५५ च्या भाषणात ही कल्पना मांडली. १९७२ च्या संविधानात तिला स्थान मिळाले. सोव्हिएट संघ व चीन यांच्या दडपणातून मोकळे होण्याचे ते साधन होते. परंतु तिचा खोल परिणाम देशांतर्गत सत्तेवर झाला. जनता इतिहासाची कर्ती, मात्र तिला नेत्याचे मार्गदर्शन अपरिहार्य, असा सिद्धांत पुढे जोडला गेला आणि मार्क्सवादातील वर्गाची जागा नेत्याने घेतली. किम इल-सुंग यांचे पुत्र किम जोंग-इल यांनी १९७४ मध्ये जाहीर केलेल्या दहा तत्त्वांनी नेतृनिष्ठा हा दैनंदिन आचाराचा नियम बनवला. १९९७ मध्ये किम इल-सुंग यांच्या १९१२ या जन्मवर्षापासून मोजली जाणारी कालगणना आली. १९९८ च्या संविधानाने त्या दिवंगत नेत्याला ‘शाश्वत राष्ट्राध्यक्ष’ ठरवले.

ही व्यक्तिपूजा कन्फ्यूशियन पितृभक्तीचीच परिणती होय, असा एक आक्षेप घेतला जातो. त्या संस्कारांचा उपयोग करून घेतला गेला, हे खरे. पण तोच वारसा असलेल्या दक्षिण कोरियात १९८७ नंतर लोकशाही रुजली. निर्णायक ठरली ती १९५६ पासूनची पक्षांतर्गत विरोधकांची हकालपट्टी. स्वावलंबनाचा दावाही टिकत नाही. कोरियन युद्धानंतरच्या उभारणीला सोव्हिएट व चिनी मदतीचा आधार होता. तो सोव्हिएट आधार १९९१ मध्ये तुटल्यावर त्याच दशकात भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे दगावली. माणसाला स्वतःच्या नियतीचा स्वामी म्हणणाऱ्या विचाराने त्याचा प्रश्न विचारण्याचा हक्कच हिरावला, ही जूचेची मूलभूत विसंगती होय.