अचलपूरची गिरणी आणि उद्याची हजेरी

चाकरी अचलपूरला नवी नाही. १४९० ते १५७४ हे गाव इमादशाहीची राजधानी होते. पुढे निजामाचे सुभेदार आले, नवाब आले, परतवाड्याला लष्करी छावणी बसली, आणि इथले शिपाई, कारकून, कारागीर एकेका धन्याच्या आसऱ्याने जगत राहिले. धनी गेला की चाकरीही जायची. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले आणि १९०५ मध्ये एलिचपूर (म्हणजे अचलपूर) जिल्हा मोडून अमरावतीत घातला गेला. जे शहर एकेकाळी साऱ्या वऱ्हाडाचा कारभार पाहत होते, ते तालुक्याचे गाव झाले. त्यानंतर मुर्तिजापूरहून अडीच फुटी रुळांवरची शकुंतला रेल्वे आली, आणि विदर्भ मिल उभी राहिली. निदान कागदावर तरी कुणाची मर्जी सांभाळून नव्हे, तर भोंगा, पाळी आणि हजेरी यांच्या हिशेबाने चालणारी नोकरी गावाला या मिलने दिली. म्हणूनच नोकरीत माणूस पुढे कसा जातो आणि तिथे त्याचे मन कशाने खचते, हा आज सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न अचलपुरात गिरणीच्या इतिहासातून तपासण्यासारखा आहे.

हल्ली या प्रश्नावर समुपदेशन, ध्यानवर्ग, मोकळ्या गप्पांचा तास असे उपाय सुचवले जातात. ते निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण गिरणीचा इतिहास वेगळीकडे बोट दाखवतो. कष्टाने शरीर झिजते. मन झिजते ते दोन गोष्टींनी: उद्या काम मिळेल की नाही हे ठाऊक नसणे, आणि वरची पायरी आपल्यासाठी नाही हे पक्के ठाऊक असणे. पहिल्या गोष्टीचे नाव ‘बदली’. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी लागण्यासाठी बदली कामगार पहाटे फाटकाशी उभा राहायचा आणि जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवेल त्याला आत घेतले जायचे. हा जॉबर नोकरी देताना दस्तुरी घेई, टिकवतानाही घेई, आणि रजाही त्याच्याच तोंडाकडे बघून मिळे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने देशभर फिरून हेच नोंदवले. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि गिरण्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस त्याने १९३१ च्या अहवालात केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. कार्डाने पगार वाढला नाही, पण फाटकावरच्या गर्दीत कुणाचा हक्क आधी हे कागदावर आले. माझ्या मते कामगाराच्या मनःस्वास्थ्याच्या इतिहासात त्या कार्डाची नोंद व्हायला हवी.

दुसरी गोष्ट पायरीची, आणि ती अधिक कडू आहे. गिरणीत साचेखात्यातले विणकाम जास्त पगाराचे, रिंग खात्यातले, म्हणजे सूतकताईचे, कमी. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगाराला साचेखात्याचे दार बंद होते. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याच्या ओठांनी धोटा बाटतो असे इतर कामगार मानत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. दलित कामगाराला कौशल्य शिकता येत नव्हते असे नाही. ते शिकण्याच्या जागेपर्यंतच त्याला पोहोचू दिले जात नव्हते. पंधरा-वीस वर्षे एकाच यंत्रापाशी उभे राहून, शेजारच्या खात्यातला दुप्पट मान रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होत असेल, हे सांगायला मानसशास्त्राचा ग्रंथ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ‘मनःस्वास्थ्य’ ही आजची कल्पना जुन्या गिरणीवर लादली जात आहे. शब्द आजचा आहे, हे खरे. पण मागणी जुनीच आहे. १९८२ च्या मुंबईतल्या संपात पगारवाढीच्या बरोबरीने बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती. ज्याला फक्त पैसा हवा तो कायमपणासाठी कशाला संपावर जाईल? दुसरा आक्षेप वजनदार आहे: कायम नोकरीच्या निर्धास्तपणानेच गिरण्या आजारी पडल्या. तो पटत नाही, कारण उलटे उदाहरण जवळच नागपुरात आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलला आरंभी गैरहजेरीने ग्रासले होते. तिथे दंडाऐवजी बक्षिसे, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई आली, आणि ती गिरणी पुढची कित्येक दशके देशातल्या अग्रगण्य गिरण्यांत गणली गेली. गिरण्यांना आजार जडला तो जुनी यंत्रे, थांबलेली गुंतवणूक आणि यंत्रमागांची स्पर्धा यांमुळे. नुसता कायमपणा पुरत नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. नवे यंत्र नाही म्हणजे नवे कौशल्य नाही, आणि कौशल्य नाही तिथे वर चढायचे कशावरून?

अचलपुरात हे दोन्ही धागे एकत्र आले. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत विदर्भ मिल होती. सरकार धनी झाले, नोकरी कायम राहिली, पण मिल हळूहळू विझली. या शतकात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईच्या फिनले मिलचे नाव घेऊन अचलपुरात नवी गिरणी उभारली. नवी यंत्रे आली, गावातल्या मुलांना ती चालवायला शिकता आली, कापूस पिकवणाऱ्या मुलखातच कापड निघू लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या २३ गिरण्यांबरोबर ही यंत्रेही थांबली, आणि टाळेबंदी उठल्यावरही थांबलेलीच राहिली. कामगाराला काढले नव्हते आणि कामावरही घेतले नव्हते. नव्वद वर्षांपूर्वीच्या बदली कामगाराला आज काम आहे की नाही, हे निदान पहिल्या पाळीच्या भोंग्यापर्यंत कळत असे. फिनलेच्या कायम कामगाराला ते महिनोन्महिने कळले नाही.