टिंडाल हवाई तळ आणि मायकेल चक्रीवादळ

१० ऑक्टोबर २०१८ रोजी दुपारी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या वायव्य किनाऱ्यावर ‘मायकेल’ हे चक्रीवादळ येऊन थडकले. मेक्सिको बीच हे छोटेसे किनारी गाव आणि त्याला लागून असलेला अमेरिकी हवाई दलाचा टिंडाल तळ हे त्याचे पहिले भक्ष्य ठरले. वादळाच्या केंद्राभोवतीचा सर्वाधिक वेगवान वाऱ्यांचा पट्टा थेट तळावरून गेला. अवघ्या काही तासांत तळावरील जवळजवळ प्रत्येक इमारतीची हानी झाली. हँगरांची छपरे उडाली, झाडे मुळासकट उन्मळली आणि प्रवेशद्वाराजवळ प्रदर्शनार्थ उभे केलेले एफ-१५ विमान उलटून पडले. या साऱ्यापेक्षा जगाचे लक्ष वेधले ते एका वेगळ्याच बाबीने. ‘एफ-२२ रॅप्टर’ ही अमेरिकेची अतिप्रगत लढाऊ विमाने वादळाच्या मार्गातून हलवता न आल्याने तळावरच राहिली होती. ताशी दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकणारे विमान दोन दिवस आधी सूचना मिळूनही वादळापासून दूर का जाऊ शकले नाही, हा टिंडालच्या हानीतील कळीचा प्रश्न आहे.

तळाचे महत्त्व

पनामा सिटी या शहराच्या आग्नेयेस, एका बाजूला मेक्सिकोचे आखात व दुसऱ्या बाजूला खाडी अशा चिंचोळ्या भूपट्टीवर टिंडाल तळ वसला आहे. १९४१ मध्ये विमानातील तोफचालकांना प्रशिक्षण देणारी शाळा म्हणून तो सुरू झाला. पहिल्या महायुद्धातील वैमानिक फ्रँक टिंडाल यांचे नाव त्याला देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रसिद्ध अभिनेते क्लार्क गेबल यांनीही येथे प्रशिक्षण घेतले होते. आखातावरील विस्तीर्ण मोकळे आकाश क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी उपयुक्त असल्याने पुढील काळात तळाचे महत्त्व वाढत गेले.

२०१८ मध्ये हवाई दलाची ३२५ वी फायटर विंग येथे तैनात होती. तिच्याकडे ५५ एफ-२२ विमाने होती. या विमानाच्या नव्या वैमानिकांना तयार करण्याचे कामही याच तळावर चालत असे. एफ-२२ ची मूळ मागणी ७५० विमानांची होती. परंतु खर्च वाढत गेल्याने व शीतयुद्ध संपल्याने ती कमी होत गेली आणि अखेरीस हवाई दलाच्या सेवेसाठी केवळ १८७ विमाने तयार झाली. २०११ च्या अखेरीस शेवटचे विमान कारखान्याबाहेर आले आणि उत्पादन थांबले. म्हणजे या जातीच्या एकूण विमानांपैकी जवळजवळ ३० टक्के विमाने एकट्या टिंडालवर होती आणि त्यांतील एखादे नष्ट झाले असते, तर ते कोणत्याही किमतीला पुन्हा मिळणारे नव्हते. एका विमानाची निर्मितीची किंमतच सुमारे १५ कोटी डॉलर होती. संशोधन व विकासाचा खर्च धरल्यास ती त्याच्या दुपटीहून अधिक होते.

तीन दिवसांत पाचवी श्रेणी

आखाती किनाऱ्यावरील तळांना चक्रीवादळे नवी नाहीत. वादळाची चाहूल लागताच विमाने दूरच्या तळांवर धाडायची, कर्मचाऱ्यांना व कुटुंबीयांना सुरक्षित स्थळी हलवायचे आणि मोजकी तुकडी मागे ठेवायची, ही तेथील ठरलेली पद्धत आहे. मायकेलने मात्र या पद्धतीला फार थोडा अवधी दिला. ७ ऑक्टोबरला ते साधे उष्णकटिबंधीय वादळ होते. आखाताचे पाणी त्या काळात नेहमीपेक्षा उबदार होते. त्या उष्णतेवर वादळ झपाट्याने बळावले आणि किनाऱ्यावर येईपर्यंत त्याची ताकद वाढतच राहिली.

सुरुवातीला त्याची नोंद चौथ्या श्रेणीचे वादळ अशी झाली. परंतु साऱ्या नोंदींची फेरतपासणी करून अमेरिकेच्या हवामान यंत्रणेने एप्रिल २०१९ मध्ये त्याला पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत घातले. किनाऱ्यावर येताना वाऱ्यांचा स्थिर वेग ताशी १६० मैल, म्हणजे सुमारे २५७ किलोमीटर होता आणि केंद्रातील हवेचा दाब ९१९ मिलिबारपर्यंत उतरला होता. १९९२ च्या ‘अँड्र्यू’नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाचव्या श्रेणीत आदळलेले हे पहिलेच वादळ होय. अमेरिकेतील एकूण हानी सुमारे २५ अब्ज डॉलरच्या घरात गेली.

तळ रिकामा करण्याचा आदेश ८ ऑक्टोबरला निघाला. हजारो कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय बाहेर पडले. शंभराहून कमी जणांची तुकडी तळावर थांबली. तळावर एकही जीवितहानी झाली नाही. मनुष्यांच्या बाबतीत पूर्वतयारी यशस्वी झाली, असेच म्हणावे लागेल.

विमाने का उडाली नाहीत?

किमान ३३ एफ-२२ विमाने ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन तळावर सुखरूप पोहोचली. उरलेली विमाने मात्र दुरुस्तीत होती. कुणाचे सुटे भाग येणे बाकी होते, तर कुणाची तपासणी अर्धवट होती. अशा विमानांना हँगरमध्ये बंदिस्त करण्यावाचून पर्याय नव्हता.

यात कुणा एकाचा हलगर्जीपणा शोधणे योग्य होणार नाही. हे विमान रडारला सहजासहजी दिसू नये यासाठी त्याच्या पृष्ठभागावर विशेष लेप असतो. एखादे झाकण उघडून आतील दुरुस्ती करायची, तर लेप काढून पुन्हा बसवावा लागतो आणि तो वाळून पक्का होण्यास वेळ द्यावा लागतो. उत्पादन बंद झाल्याने अनेक सुटे भागही सहज मिळत नाहीत. परिणामी त्या काळात कोणत्याही दिवशी या जातीची जेमतेम निम्मी विमाने मोहिमेस सज्ज असत. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने जुलै २०१८ मध्ये, म्हणजे वादळाच्या तीनच महिने आधी, नेमका हाच मुद्दा मांडला होता. थोडी विमाने अनेक लहान तुकड्यांत विखुरल्याने त्यांची उपलब्धता घटते, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. टिंडालवर उरलेली विमाने म्हणजे या दुखण्याचे दृश्य रूप होते. एरवी ते आकडेवारीत दडलेले राहते. वादळाने ते हँगरच्या फाटक्या छपराखाली सर्वांसमोर उघडे केले.

हँगर का टिकत नाहीत?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १३० मैलांचा वेग १६० वर गेला, तर वाढ २३ टक्क्यांची दिसते. इमारतीवरील भार मात्र दीडपट होतो. त्यात हँगर ही मुळातच नाजूक रचना. मधे एकही खांब नसलेले प्रचंड छप्पर, हलके पत्रे आणि एका बाजूला भिंतीऐवजी जवळजवळ अखंड दरवाजा. दरवाजा वाकला की वारा आत शिरतो. आतून तो छपराला वर ढकलतो आणि बाहेरून वेगाने जाणारी हवा त्याला वर खेचते. मग छप्पर जागेवर राहत नाही. त्याचे तुकडे आसऱ्याला ठेवलेल्या विमानावरच कोसळतात.

वादळानंतरच्या छायाचित्रांत टिंडालच्या हँगरांची हीच अवस्था दिसत होती. त्यामुळे अब्जावधी डॉलरची विमाने गमावल्याच्या बातम्या काही दिवस झळकल्या. ऑक्टोबरच्या मध्यास हवाई दल सचिव हेदर विल्सन व हवाई दलप्रमुख जनरल डेव्हिड गोल्डफिन यांनी तळाला भेट दिली. विमानांची हानी भीती होती त्यापेक्षा कमी असल्याचे त्यानंतर सांगण्यात आले. उत्पादक कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि यथावकाश दुरुस्त झालेली विमाने उडवून अन्य तळांवर नेण्यात आली. मोठा अनर्थ टळला, पण त्यात नियोजनापेक्षा नशिबाचा वाटा मोठा होता.

होमस्टेडचा दाखला

नशिबाने साथ दिली नाही तर काय होते, हे २६ वर्षांपूर्वी याच राज्यात दिसले होते. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातील होमस्टेड तळ उद्ध्वस्त केला. तेथील एफ-१६ विमाने आधीच हलवण्यात आली होती. दुरुस्तीअभावी मागे राहिलेली दोन विमाने मात्र हँगर कोसळून नष्ट झाली. तळ पुन्हा उभारण्याचे आश्वासन तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दिले. पण तो काळ लष्करी तळ कमी करण्याचा होता. अखेर होमस्टेड केवळ राखीव दलाच्या छोट्या तळाच्या रूपात उरला आणि तेथील ३१ वी फायटर विंग १९९४ मध्ये इटलीतील अव्हियानो येथे गेली. वादळात झालेल्या हानीहून नंतरच्या निर्णयाने त्या परिसराच्या अर्थकारणाला बसलेला धक्का अधिक काळ टिकला. त्यामुळेच २०१८ मध्ये पनामा सिटीच्या नागरिकांची पहिली चिंता होती ती आपला तळ परत उभा राहील का, हीच.

पुनर्बांधणी

टिंडालबाबत उत्तर वेगळे मिळाले. उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी त्याच महिन्यात तळाला भेट देऊन तो पुन्हा उभारण्याची ग्वाही दिली. तथापि ग्वाही आणि निधी यांत अंतर पडले. संसदेत आपत्तीनिधीचे विधेयक रखडले आणि २०१९ च्या वसंतात टिंडालवरील काम थांबवण्याची वेळ येईल, असा इशारा हवाई दलाला द्यावा लागला. जून २०१९ मध्ये विधेयक मंजूर झाल्यावर काम मार्गी लागले. एकूण खर्चाचा अंदाज पुढे सुमारे पाच अब्ज डॉलरपर्यंत पोहोचला.

नव्या इमारती ताशी १६५ मैल वेगाचा वारा सहन करतील अशा बांधण्याचे ठरले. समुद्राची वाढती पातळी लक्षात घेऊन जोत्यांची उंची वाढवण्यात आली. लाटांचा जोर किनाऱ्यापाशीच मोडावा यासाठी शिंपल्यांचे नैसर्गिक बांध उभारण्याचे प्रयोगही हाती घेण्यात आले. एफ-२२ विमाने मात्र येथे परतली नाहीत. त्यांचे प्रशिक्षण प्रथम जवळच्या एग्लिन तळावर व पुढे व्हर्जिनियातील लँगली येथे हलवण्यात आले. टिंडालसाठी एफ-३५ विमानांच्या तीन तुकड्या निश्चित झाल्या आणि त्यांतील पहिली विमाने २०२३ मध्ये दाखल झाली.

बोध

भारतीय वाचकांना हा विषय परका नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमवर आदळले, तेव्हा नौदलाच्या ‘आयएनएस डेगा’ या हवाई तळाच्या आवारातील विमानतळाचे छप्पर उडाले होते आणि प्रवासी वाहतूक काही दिवस बंद राहिली होती. किनाऱ्यावरील तळ सागरी संरक्षणासाठी आवश्यकच असतात. ते आत हलवता येत नाहीत. म्हणून त्यांची सुरक्षितता दोनच गोष्टींवर अवलंबून राहते. एक म्हणजे वाऱ्याला तोंड देणारे बांधकाम आणि दुसरी म्हणजे सूचना मिळताच उडू शकणारी विमाने. पहिल्या गोष्टीसाठी आपत्तीनंतर का होईना, निधी मिळतो. दुसरी मात्र सुटे भाग, कुशल तंत्रज्ञ आणि वेळच्या वेळी होणारी देखभाल यांतून रोज घडावी लागते. टिंडालने काही अब्ज डॉलर मोजून हे शिकून घेतले.