पत्ता घरचा, कारभार कोणाचा?

हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्या वाचकांना शोधायला फार लांब जावे लागत नाही. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कंपनीत तिघांचे काम एकटा ओढणारा प्रोग्रॅमर, कल्याणच्या बिर्ला किंवा डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयात शिकणारी मुले, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोली गाठणारी आयटीतली मंडळी. कोड लिहून देणारा एआय सहायक यांतल्या अनेकांनी हाताळलेला असतो. तो नेमका कुठे बसून काम करतो, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते या विषयात शिरायचे दार तेच आहे.

ब्राउझरच्या खिडकीत कोड लिहिण्याची पद्धत नवी नाही. २०११ मध्ये आयपायथन नोटबुक आले, २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प निघाला. ज्युपिटर सुरू केले की ब्राउझरमध्ये localhost, म्हणजेच १२७.०.०.१, हा पत्ता आणि पुढे ८८८८ हा पोर्ट दिसतो. म्हणजे पान आपल्याच यंत्रावरचा एक लहानसा सर्व्हर पुरवत असतो. आजचे अनेक सहायक याच रूपात येतात आणि गफलत इथेच होते. पान घरचे, पण प्रश्न आणि त्यासोबत आपला कोड परदेशातल्या एखाद्या डेटा सेंटरकडे रवाना. ताट घरचे असले म्हणून पोळ्या घरी लाटल्या असे होत नाही. पोळीभाजी केंद्रांच्या डोंबिवलीला हे वेगळे सांगायला नको.

सहायकाची उत्तरे तयार करणारे मॉडेलही घरीच चालवता येते. मार्च २०२३ मध्ये जॉर्जी गेरगानोव्ह यांनी मॉडेल चालवणारा लामा.सीपीपी हा प्रोग्रॅम खुला केला आणि साध्या लॅपटॉपवर हा उद्योग शक्य झाला. हिशेब सोपा आहे. सातशे कोटी पॅरामीटरच्या मॉडेलातला प्रत्येक पॅरामीटर १६ बिटांत ठेवला तर १४ जीबी लागतात. ४ बिटांत दाबून बसवला तर साधारण साडेतीन, वर संभाषणासाठी थोडी जागा. १६ जीबीच्या यंत्रावर हे निभते, ८ जीबीचे यंत्र रडकुंडीला येते. आणि हे घरगुती मॉडेल मोठ्या मॉडेलांच्या तोडीचे नसते, हेही आधीच सांगितलेले बरे. प्रश्न मराठीत विचारला तर बहुतेक मॉडेलांमध्ये देवनागरीचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात आणि संभाषणाची जागा लवकर भरते.

चौथे प्रकरण सर्वांत मोठे झाले आहे, आणि ते कापायला मी तयार झालो नाही. नवे सहायक फक्त उत्तर देऊन थांबत नाहीत. फायली बदलतात, आज्ञा चालवतात. अशा सहायकाचा सर्व्हर १२७.०.०.१ ऐवजी ०.०.०.० वर उघडला, तर कॉलेजच्या लॅबमधले शेजारचे यंत्रही त्याचे दार ठोठावू शकते. दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेली एखादी वेबसाइटसुद्धा त्या पोर्टकडे विनंती धाडू पाहते. ज्युपिटर पत्त्याला लांबलचक टोकन जोडते ते याचसाठी; कटकट नको म्हणून ते बंद करणारे महाभाग कमी नाहीत. डाउनलोड केलेल्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात कोणी सहायकासाठी खोडसाळ सूचना लपवली असेल, तर सहायक ती इमानेइतबारे पाळण्याचाही धोका असतो. म्हणून त्याला वेगळे यूजर खाते द्यावे आणि काम गिटमध्ये नोंदवल्याशिवाय मोकळे सोडू नये, असा माझा आग्रह आहे.

कोणते मॉडेल सर्वांत चांगले, याची यादी इथे मिळणार नाही; छापून होईस्तोवर ती शिळी होते. गणिताची धास्ती असलेल्यांनी तिसरे प्रकरण खुशाल मागे ठेवावे. दुसरे मात्र यंत्र समोर ठेवूनच वाचावे. त्यातला पहिला प्रयोग मिनिटभराचा आहे: सहायकाचे पान उघडा, वायफाय बंद करा आणि एक प्रश्न विचारून उत्तर येते का ते पाहा.