एका गावाची शिरगणती

माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुरुषोत्तमपुरी नावाचे एक लहान गाव आहे. तेथे माणसे किती, असे कोणी विचारले तर खानेसुमारीच्या पुस्तकातला आकडा सांगून मोकळे होता येईल. पण तो आकडा कोणत्या महिन्याचा, हे विचारल्यावाचून त्यास अर्थ नाही, असे आम्हांस वाटते.

या गावी सापडलेला रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट शके 1232 चा, म्हणजे इ. स. 1310 चा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. अभ्यासक त्याकडे वळतात ते रामचंद्राने देवगिरी कशी हस्तगत केली त्या हकीकतीसाठी. आम्हांस त्यातील दानाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. राजाने पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्यास गावे दिली, त्याने त्यांचा अग्रहार केला आणि त्यास आपले नाव दिले. म्हणजे ही वस्ती हेतुपूर्वक वसविलेली आहे. पुढे दहा वर्षांच्या आत यादवांचे राज्य बुडाले. गाव मात्र राहिले.

नदीने गाव जगविले आणि नदीनेच अडविले. निजामाच्या राजवटीत 1900 च्या सुमारास मनमाडकडून हैदराबादकडे लोहमार्ग झाला. त्याचे नाव गोदावरी खोऱ्याचे, पण सेलू, मानवत रोड, परभणी ही ठाणी सारी उत्तरेकडची! दक्षिण तीरावरच्या माणसास आगगाडी गाठायची तर आधी गोदावरी ओलांडणे आले. संस्थानाने 1932 साली सरकारी मोटारी सुरू केल्या खऱ्या, पण मोटार धावते ती सडकेवर, आणि काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने बैलगाडीचेही चाक रुतते. आज कल्याणहून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग माजलगावावरून जातो. आगगाडी बीड शहरापर्यंत आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. परळीकडे जाणारी तिची पुढली आखणीही माजलगाव शहर बाजूला ठेवून तेलगावावरूनच आहे.

सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. हा पुरुषोत्तमाचा महिना, आणि येथे देऊळ पुरुषोत्तमाचे. तेव्हा महिनाभर गावाच्या वाटा माणसांनी फुलतात. लेक-जावई धोंड्याच्या निमित्ताने माहेरी येतात, गोदास्नान होते, पुरणाचे धोंडे देवास अर्पण होतात. 2020 सालचा अधिक आश्विन मात्र सुना गेला, कारण साथीमुळे राज्यातील देवळेच बंद होती.

ही झाली भरती. ओहोटी दरवर्षीची आहे, आणि ती एका गावापुरती नसून साऱ्या बीड जिल्ह्याची आहे. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडण्यास निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. संसार वाहनावर लादून, लहान मुलांसह ही माणसे जातात आणि हंगाम सरल्यावर परततात. घरी उरतात म्हातारीकोतारी. आणि आपली जनगणना केव्हा होते? 2001 व 2011, दोन्ही वेळी 9 ते 28 फेब्रुवारी. या सबंध मुदतीत जो घराबाहेर, त्याची नोंद जेथे तो असेल तेथे, फडावरच्या कोपीत.

हा केवळ कागदी घोळ नव्हे. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील वस्ती पाचशेची असेल तर पक्का रस्ता, असा नियम होता. आणि पाचशे मोजायचे ते 2001 च्या जनगणनेवरून. पावसाळ्यात ज्या वस्तीत साडेपाचशे माणसे चिखल तुडवतात, तिच्यात फेब्रुवारीत चारशेच सापडली, तर ती वस्ती यादीबाहेर! रस्ता नाही म्हणून शेतमाल वेळेवर बाजारास जात नाही, शेतीत भागत नाही म्हणून कोयता, आणि कोयत्यामुळे गणतीत माणसे कमी. हे चक्र कोणत्या टोकाला तोडावे याचा विचार रस्ते आखणाऱ्यांनी केला असेल, असे आम्हांस दिसत नाही.

नव्या जनगणनेसाठी सरकारने 1 मार्च 2027 ही आधारतिथी 2025 साली जाहीर केली. त्या सुमारासही तोडीचा हंगाम संपलेला नसतो.