ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकाचा प्रक्रियक, अर्थात प्रोसेसर, उत्पादकाने निश्चित केलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालविणे होय. स्मृती आणि ग्राफिक्स कार्ड यांच्याबाबतही ही क्रिया केली जाते. प्रस्तुत लेख प्रक्रियकापुरता मर्यादित आहे.

तत्त्व

प्रक्रियकाचे काम घड्याळाच्या स्पंदांच्या तालावर चालते. त्याची वारंवारता मूळ घड्याळ आणि गुणक या दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरते. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झ व गुणक ४० असल्यास प्रक्रियक ४ गिगाहर्ट्झवर चालतो; गुणक ४५ केल्यास ४.५ गिगाहर्ट्झवर. हे बदल सामान्यतः मदरबोर्डच्या बायॉसमधून केले जातात.

४ गिगाहर्ट्झला एका स्पंदाचा अवधी ०.२५ नॅनोसेकंद असतो. एवढ्या अवधीत विद्युतसंकेताला ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन पुढील टप्प्यावर पोहोचावे लागते. ५ गिगाहर्ट्झला हा अवधी ०.२ नॅनोसेकंद उरतो. सर्वांत लांब मार्गावरील संकेताला उशीर झाला, तर चुकीचे मूल्य नोंदले जाते. विद्युतदाब वाढविल्यास ट्रान्झिस्टर अधिक जलद बदलतात व संकेत वेळेत पोहोचतो. मात्र त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात, तर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास ही शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, वेग मात्र फार तर १० टक्क्यांनी.

मुळात अशी वाढ शक्य होते, कारण एकाच साच्यातून निघालेल्या सर्व चिप गुणाने सारख्या नसतात. उत्पादक त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी करतो आणि सुरक्षिततेसाठी थोडे अंतर राखून वेग जाहीर करतो. बाजारात स्वस्त प्रतीची मागणी अधिक असल्यास चांगल्या चिपवरही कमी वेगाचा शिक्का बसू शकतो. ओव्हरक्लॉकिंग हे राखीव अंतर वापरून टाकते. म्हणूनच एकाच नावाच्या दोन प्रक्रियकांची कमाल मर्यादा वेगळी निघते.

इतिहास

१९८४ च्या आयबीएम पीसी/एटी संगणकात ६ मेगाहर्ट्झवर चालणारा ८०२८६ प्रक्रियक होता. त्यातील स्फटिक बदलून हौशी वापरकर्ते त्याचा वेग वाढवीत.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९८ मधील इंटेल सेलेरॉन ३००ए या प्रक्रियकाचे आहे. त्याचा गुणक ४.५ वर कायम केलेला होता आणि ६६ मेगाहर्ट्झ बसवर तो ३०० मेगाहर्ट्झने चाले. बस १०० मेगाहर्ट्झ केली की तोच ४५० मेगाहर्ट्झवर जाई. त्याची १२८ किलोबाइटची द्वितीय स्तर कॅश चिपवरच असून प्रक्रियकाच्या पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे, कित्येक पट महाग असलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ शी तो अनेक कामांत बरोबरी करी. यात आणखी एक सोय होती. १०० मेगाहर्ट्झला तीनाने भागले की पीसीआय जोडणीला तिचे नेहमीचे ३३ मेगाहर्ट्झ मिळत. ८३ मेगाहर्ट्झ बस निवडल्यास मात्र दोनाने भागून सुमारे ४१ मेगाहर्ट्झ होत आणि हार्ड डिस्कवरील विदा बिघडण्याचा धोका निर्माण होई. म्हणजे अधिक धाडसी दिसणारा पर्यायच येथे अधिक सुरक्षित होता.

त्याच दशकात कमी वेगाच्या प्रक्रियकांवर अधिक वेगाचा शिक्का मारून ते विकण्याचे प्रकार घडत. गुणक कुलूपबंद करण्यामागे हेही एक कारण होते. पुढे इंटेलने ‘के’ अक्षर असलेली प्रारूपे गुणक खुला ठेवून विक्रीस आणली. एएमडीच्या बहुतेक रायझेन प्रक्रियकांत तो खुला असतो.

धोके

वेग वाढविल्यावर संगणक सुरू झाला म्हणजे तो स्थिर आहे, असे होत नाही. अचानक बंद पडणारा संगणक निदान दोष उघड करतो. न थांबता चुकीची उत्तरे देणारा अधिक घातक, कारण बिघडलेल्या धारिका पुष्कळ दिवसांनी लक्षात येतात. त्यामुळे बदल लहान टप्प्यांनी करून, प्रत्येक टप्प्यावर काही तास भारचाचणी घेणे व महत्त्वाच्या विदेची प्रत आधी वेगळी ठेवणे आवश्यक ठरते. खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले, तर हवेने थंड होणाऱ्या प्रक्रियकाचे तापमानही साधारण तितकेच वाढते. साहजिकच हिवाळ्यात स्थिर असलेली मांडणी मे महिन्यात अडखळू शकते.

अतितापमानात आधुनिक प्रक्रियक आपला वेग स्वतःच कमी करतात. जादा विद्युतदाबाने होणारी झीज मात्र हळूहळू होते आणि भरून येत नाही. अशा नुकसानीस उत्पादकाची हमी बहुधा लागू होत नाही.

सद्यस्थिती

टर्बो बूस्टसारख्या सुविधांमुळे प्रक्रियक तापमान व भार पाहून वेग आपोआप वाढवितात. हाताने मिळविण्याजोगा लाभ त्यामुळे पूर्वीपेक्षा बराच घटला आहे. विक्रमांसाठी द्रव नायट्रोजन किंवा द्रव हेलियम वापरतात. २०११ मध्ये एएमडी एफएक्स-८१५० हा ३.६ गिगाहर्ट्झचा प्रक्रियक या पद्धतीने ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आला व त्याची नोंद गिनीज बुकात झाली. असे वेग काही क्षणच टिकतात. दैनंदिन वापराशी त्यांचा संबंध नसतो.