काळ्या पाण्यावर गेलेला शिपाई

भोरमध्ये १८५७ सालाचा विषय निघाला की पहिले नाव निघते ते रंगो बापूजींचे, आणि ते योग्यच आहे. रोहिडखोऱ्यातील कारीचा हा गृहस्थ, दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातला. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत केल्यावर त्यांची कैफियत घेऊन तो विलायतेस गेला आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये कंपनीच्या दारावर धडका देत राहिला. परत आला तेव्हा महाराज काशीत वारले होते आणि साताऱ्याचे राज्यही कंपनीने गिळले होते. अर्जविनंत्यांचा मार्ग संपला असे त्याने ठरविले व पलटणीतील शिपाई आणि मावळातील माणसे जमविण्याचा उद्योग मांडला.

त्या उद्योगाचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. जून १८५७ मध्ये साताऱ्याच्या पलटणीत फितुरी माजविल्याच्या आरोपावरून मानसिंग नावाच्या रजपुतास फाशी दिले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांस देहदंड झाला : पाच फासावर, सहा गोळ्यांनी, सहा तोफेच्या तोंडी. फासावर गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामपंत होता. खुद्द रंगो बापूजी निसटले, ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

आज आम्हांला विचारायचे आहे ते दुसऱ्याच माणसाविषयी. फाशी गेलेल्याचे नाव राहते, निसटलेल्याची आख्यायिका होते. पण ज्या शिपायास मारले नाही आणि सोडलेही नाही, समुद्रापार धाडून दिले, त्याचे काय झाले? त्याचा माग काढायचा तर कोणत्या वाटेने?

मुंबईचेच उदाहरण घ्या. १८५७ च्या दिवाळीत उठाव करण्याचा बेत तेथील शिपायांनी केला होता. पोलीस अधिकारी फोर्जेट याने भिंतीच्या भोकाला डोळे लावून तो हुडकला. १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल या दोघांस मैदानात तोफेच्या तोंडी दिले. मुंबईकर ही दोन नावे अजून सांगतात. त्याच कटाबद्दल आणखी सहा जणांस जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ते ‘सहा’ एवढ्याच आकड्याने येतात आणि पुढच्या ओळीत नाहीसे होतात.

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमानचा सेल्युलर तुरुंग उभा राहतो. तो १८९६ ते १९०६ या काळात, कैद्यांच्याच हातांनी बांधला गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून कंपनी माणसे समुद्रापार पाठवीत होती. १८१५ पासून वीसबावीस वर्षांत बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला गेले. १८३६ साली डार्विन तेथे उतरला तेव्हा त्यास हे हिंदी कैदी रस्त्याच्या कामावर दिसले. सिंगापुरातील सेंट अँड्र्यूज हे मोठे देऊळ हिंदी कैद्यांच्या श्रमावर उभे आहे. जंगल तोडायला, रस्ता करायला, दगड वाहायला बिनपगारी माणूस हवा होता आणि न्यायालय तो पुरवीत होते. आमचे काम कामगार संघटनेचे, म्हणून ही बाजू आमच्या नजरेस आधी पडते. शिक्षा हे कारण होते, पण मजुरी हा हिशेब होता.

आता एका शिपायाचा माग काढू. तो आपल्या मुलखातला नव्हे, बंगाल लष्करातल्या चौदाव्या पायदळ पलटणीतला. पण त्याच्या काळ्या पाण्यावरील वर्षांचा तपशील कागदावर मिळतो, म्हणून त्याच्याकडे जाणे भाग आहे. त्याचे नाव दूधनाथ तिवारी.

त्याच्या पलटणीने ७ जुलै १८५७ रोजी पंजाबात झेलमला बंड केले. बंड आणि पलायन या गुन्ह्यांबद्दल त्यास जन्मठेप झाली, कराचीहून ‘रोमन एम्परर’ जहाजावर चढविले आणि ६ एप्रिल १८५८ रोजी अंदमानात उतरविले. वसाहत महिनाभराचीही नव्हती; पहिले दोनशे कैदी १० मार्चला आले होते. दूधनाथचा क्रमांक २७६. पुढे अंदमानात कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख. बिल्ला हा शब्द भोर-वेल्ह्याच्या घरांना नवा नाही. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आपल्या आजोबांचाही बिल्लाच होता, आणि गिरणीच्या वहीत नावाआधी तोच बोलत असे.

सतराच दिवसांनी, २३ एप्रिलला, दूधनाथ सुमारे नव्वद सोबत्यांसह रॉस बेटावरून पळाला. जंगलातून आपण ब्रह्मदेशात पोचू अशी या बिचाऱ्यांची कल्पना होती. मध्ये अथांग समुद्र आहे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. उपासमार झाली, मग अंदमानी लोकांचे बाण आले. दूधनाथ जखमी झाला, पण त्या लोकांनी अखेर त्यास मारले नाही. आपल्यात घेतले, अंगाला माती फासली, लीपा नावाची मुलगी त्यास दिली. वर्षभर तो त्यांच्यात राहिला.

मागे राहिलेल्यांचा हिशेब वसाहतीचा अधिकारी डॉ. वॉकर याने मांडून ठेवला आहे. जून १८५८ च्या मध्यापर्यंत ७७३ कैदी आले. त्यांतले ६४ रुग्णालयात मेले, १४० पळाले ते सापडले नाहीत, एकाने जीव दिला, आणि पळून पकडल्या गेलेल्या ८७ जणांस वॉकरने फाशी दिले. उरले ४८१. तीन महिन्यांचा हा ताळेबंद आहे. त्यात एकाही आईचे, एकाही गावाचे नाव नाही.

जंगल तुटत चालले तसे अंदमानी लोक वसाहतीवर चालून येऊ लागले. १४ एप्रिल १८५९ च्या हल्ल्याची नोंद अशी की, पायात बेडी असलेल्यांस त्यांनी बाजूस उभे केले आणि त्यांचा रोख होता तो मुकादमांवर. बेडीचा अर्थ त्यांस कोणी शिकविला नव्हता. तरी कोण राबतो आणि कोण राबवितो हे त्यांनी ओळखले होते. १७ मे रोजी मोठा हल्ला व्हायचा होता. त्याच पहाटे दूधनाथ जंगलातून बाहेर आला आणि त्याने वॉकरला सावध केले. अबर्डीनची लढाई म्हणतात ती ही. बाणभात्यांपुढे बंदुका होत्या. अंदमान्यांची पुष्कळ माणसे पडली. १८६० साली सरकारने दूधनाथला माफी दिली व तो सुटला. लीपा जंगलात राहिली, तेव्हा ती गरोदर होती.

दूधनाथची हकीकत आपल्याला एवढी सविस्तर का मिळते? त्याने खबर दिली म्हणून. त्याची जबानी घेतली गेली, ती वर पाठविली गेली, जपली गेली. ८७ जण फासावर गेले तरी त्यांची जबानी कोणास नको होती. संपाच्या दिवसांत आम्ही हेच पाहिले आहे. गेटसभेआधी जो साहेबाच्या खोलीत जाऊन येतो त्याची फाईल जाड असते. जो गप्प राहून नोकरी घालवितो त्याच्या नावावर हजेरीपटात एक आडवी रेघ असते, बस्स.

पण दूधनाथला फितूर म्हणून निकालात काढणे आम्हांला जमत नाही. स्वतः बंडखोर, बेडी घातलेला, उपाशी. परत आल्यावर फासच वाट पाहत होता, आणि सुटकेला एकच किंमत त्याच्याजवळ होती. ती त्याने दिली. मात्र ती त्याच्या मालकीची नव्हती. ज्यांनी त्यास मरणातून उठवून घास दिला, त्यांच्या जिवांनी ती चुकती झाली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच हातून आणखी दुबळ्यावर अन्याय घडविणे, ही राज्यकर्त्यांची जुनी हातोटी आहे, आणि आपल्या कारखान्यांतही ती चालते. दूधनाथचे चरित्र वाचावे ते हे ओळखण्यासाठी.

आता पुन्हा आपल्या खोऱ्याकडे वळू. काळ्या पाण्यावर गेलेल्या शिपायाचा माग काढायचा तर वाट शिक्षा करणाऱ्याच्याच दप्तरातून जाते, हे खरे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्यायखात्याचे बाड आहेत, पुण्याला दप्तर आहे. ती वाचताना प्रत्येक आकड्यापाशी थांबून, हे कोणी लिहिले आणि कशासाठी लिहिले, असे विचारले पाहिजे. पण दुसरे दप्तर तुमच्या घरांत आहे. भोर-वेल्ह्यातून पलटणीत गेलेल्यांचे डिस्चार्जचे कागद, पेन्शनीची पुस्तके, गिरणीचे बिल्ले अजून कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या देवघराच्या फळीवर असतील. घर नवे बांधताना ते पहिल्यांदा फेकले जातात. ते फेकू नका. त्यावरचा क्रमांक कोणाचा, तो माणूस कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे वडीलधाऱ्यांना विचारून आज रात्रीच मागच्या बाजूस लिहून ठेवा. वॉकरच्या ताळेबंदात जे नाही ते लिहिणारे आता आपणच आहोत.