जुन्या उद्याचा मागोवा

दूरदर्शनवर १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली, तेव्हा गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. केतन मेहतांची ही मालिका २२२० सालात घडत होती. तुरुंगातून निसटलेले बारा गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर निघालेला मिलिंद सोमणचा व्योम. साकोली, लाखांदूर, मोहाडीच्या ज्या मुलांनी ती तेव्हा पाहिली, ती आज आईबाप झाली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने त्याच काळातली ‘शक्तिमान’ मालिका पुन्हा दाखवली. २०२१ मध्ये ‘व्योम’ नव्या रूपात आणण्याची घोषणा झाली आणि २०२२ मध्ये ‘शक्तिमान’वरच्या चित्रपटाची. जुनी विज्ञानमालिका नव्या प्रेक्षकांसाठी उभी करायची, तर तिचं घराणं आधी तपासायला हवं.

मराठीपुरतं बोलायचं, तर हे घराणं पडद्याच्या फार आधी सुरू होतं. १९०० साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत क्रमशः येऊ लागली. विज्ञानकथेचा पुढचा भाग वाचायला थांबून राहण्याची सवय मराठी वाचकाला तेव्हापासूनची आहे. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि स्वतः फास्टर फेणे हा नायक घडवला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं, कारण परीक्षकांवर शास्त्रज्ञाच्या नावाचं दडपण त्यांना नको होतं.

पडद्यावरची शाखा वेगळी वाढली आणि ती हिंदीत वाढली. १९८९ च्या ‘इंद्रधनुष’ मालिकेत मुलं स्वतः संगणक जुळवतात आणि त्यातून काळाच्या प्रवासाला निघतात. ‘स्पेस सिटी सिग्मा’ त्याच सुमाराची. नव्वदीच्या दशकात नारळीकर स्वतः ‘ब्रह्मांड’ घेऊन घराघरांत आले, पण ती माहितीची मालिका होती आणि तीही हिंदीत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा तर एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गेली. छापील मराठी विज्ञानकथा इतकी सकस असूनही पडद्यावरच्या शाखेशी तिची गाठ क्वचितच पडली.

पुनरुज्जीवन कसं साधतं, हे इंग्लंडच्या ‘डॉक्टर हू’कडून शिकावं. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका १९८९ मध्ये थांबली. १९९६ च्या एका दूरचित्रपटाने ती परत उभी राहिली नाही. २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा सुरू केली, तेव्हा गोष्ट डॉक्टर या नायकापासून काढली नाही. दुकानात काम करणाऱ्या रोझ टायलर या साध्या मुलीच्या दिवसापासून काढली. तिला जे कळतं तेवढंच प्रेक्षकाला कळतं, त्यामुळे मागचे शेकडो भाग न पाहिलेला पोरगाही पहिल्याच दिवशी आत येतो. जुन्या प्रेक्षकांचा डॉक्टर मात्र तोच राहिला. फक्त आता तो आपल्या लोकांच्या महायुद्धातून एकटाच वाचलेला होता आणि ते दुःख नव्या काळाला समजणारं होतं. आणखी एक धडा याच मालिकेचा. बीबीसीने तिचे कित्येक जुने भाग पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या. प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांवरून पुढे काही भागांची ॲनिमेशनं करावी लागली. जपून ठेवलंच नाही, तर पुन्हा जिवंत काय करणार?

असं काम मराठीतही झालं आहे. फास्टर फेणे १९८७ मध्ये सुमीत राघवनच्या रूपात दूरदर्शनवर आला होता. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांनी त्याला चित्रपटात आणलं. अमेय वाघचा हा बनेश फेणे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि त्या परीक्षेमागच्या काळ्या धंद्याला भिडतो. त्या काळातल्या प्रत्येक घराची धास्ती त्या गोष्टीत होती. शिवाय खुद्द भागवत त्यात एक पात्र होऊन येतात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. आपल्या मुळाला इतक्या प्रेमाने सोबत घेणारं पुनरुज्जीवन मला आदर्श वाटतं.

जुन्या साच्यात आजचं भरणं भंडाऱ्याच्या माणसाला नवं नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्यं रंगतात. साचा पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, पण गंमतीतला शाहीर आणि सोंगाड्या चालू वर्षाचं बोलतात. यंदाचं काहीच आलं नाही, तर लोक उठून जातात. विज्ञानमालिकेलाही हीच कसोटी लावावी.

‘व्योम’ परत यावी, ‘शक्तिमान’ही यावी. पण त्यांची जुनी शीर्षकगीतं आणि नवे चकचकीत ग्राफिक्स एवढ्यावर मुलं बसणार नाहीत. त्यांच्या भोवती आजचे प्रश्न आहेत. वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच पाण्यात उतरते. मालगुजारी तलाव गाळाने भरताहेत. याच पाण्याचं आणखी पन्नास वर्षांनी काय होईल, हा विज्ञानकथेचाच प्रश्न आहे. नारळीकरांनी ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पाडून हवामानाचा असाच प्रश्न विचारला होता. ती कथा आज मालिका म्हणून मराठीत आली, तर उन्हाने भाजणाऱ्या विदर्भातल्या मुलाला ती आपली वाटेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या कथा पुस्तकांत तयार आहेत. निर्मात्यांनी जुन्या हिंदी मालिकांच्या हक्कांबरोबर याही कथांचे हक्क मागावेत. छापील शाखा आणि पडद्यावरची शाखा एकत्र आली, तर पुढची ‘व्योम’ मराठीत बोलेल आणि भंडाऱ्याच्या मुलाला भविष्यात शिरायला दुसऱ्या भाषेचं दार ठोठावावं लागणार नाही.